सासऱ्यांची तापी मी पोस्टात टाकली

लग्नानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मी माझ्या सासऱ्यांची चाळीस वर्षांची पुंजी पोस्टाच्या पेटीत टाकली. एकदम नाही, नऊ हप्त्यांत. आणि दर वेळी वर तिकीटही चिकटवलं!

यात माझा काही दोष नव्हता, असं मी तेव्हापासून सांगत आले आहे. ऐकणारे आधी मान डोलावतात आणि मग पदराआड हसतात. म्हणून एकदा सगळं पहिल्यापासून सांगूनच टाकते.

सत्त्याऐंशी सालची गोष्ट. माझं माहेर जामनेरचं, सासर धुळ्याचं. सासरी माणसं तीन आणि चौथी मी. सासूबाईंना सगळे अक्का म्हणायचे. आमचे हे शाळेत भूगोल शिकवायचे. (हे लक्षात ठेवा. पुढं त्यांना स्वतःलाच ते आठवेनासं झालं होतं.) आणि सासरे, म्हणजे आबा, पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. त्यांची उभी हयात तापीच्या पाण्याची उंची मोजण्यात गेली. रोज सकाळी नदीत रोवलेल्या पट्टीवरचा आकडा बघायचा, वहीत लिहायचा, वर कळवायचा. या कामात आकड्याखेरीज काही बोलायची गरजच नव्हती आणि ती सवय ते निवृत्तीच्या शालीबरोबर घरी घेऊन आले होते.

"आबा, चहा?"

"अर्धा."

"भाकरी वाढू?"

"दीड."

मला बघायला आले तेव्हा तासाभरात त्यांनी एकच शब्द उच्चारला होता, "तेवीस?" (माझं वय.) आईनं "हो" म्हटलं आणि ते पोह्यांकडे वळले. आम्ही घरचे तीन दिवस चर्चा करत होतो की पसंती तेविसाला आहे की पोह्यांना!

तर सासरी आल्यावर आठवड्याभरात मला माहेरची आठवण यायला लागली. मी अक्कांना विचारलं, "अक्का, घरात पोस्टकार्ड आहे का? आईला चार ओळी लिहिते."

अक्का चुलीपुढे बसून शेंगदाणे भाजत होत्या. मान न वळवता आपल्या अहिराणीत म्हणाल्या, "त्या कपाटमा लाल डबा शे, त्यामा शेतस. काढी ले."

मी कपाट उघडलं. लाल डबा होता. बिस्किटांचा, पत्र्याचा, वर गुलाबाची फुलं. उघडला तर आत खरोखर पोस्टकार्डं! आणि साधीसुधी नाहीत, चित्रांची! एका बाजूला काळपट-तपकिरी फोटो आणि दुसरी बाजू कोरी करकरीत. उनपदेवचा गरम पाण्याचा झरा, लळिंगचा धबधबा, भुसावळजवळचा तापीवरचा रेल्वेपूल, प्रकाशा गावचा घाट, चांगदेवचं देऊळ आणि त्यापुढचा तापी-पूर्णेचा संगम. मी मनात म्हटलं, काय हौशी सासर मिळालंय! साध्या कार्डावर लिहीतसुद्धा नाहीत ही माणसं!

त्याच कपाटात, त्याच फळीवर, मागच्या बाजूला तसाच आणखी एक लाल डबा होता आणि त्यात पोस्टातून आणलेली पिवळी साधी कार्डं होती, ही माहिती मला सहा महिन्यांनी मिळाली.

मी लिहीत सुटले. तीन कार्डं आईला, तीन सावद्याला माझ्या मैत्रिणीला प्रमिलाला, तीन धरणगावच्या मावशीला. लिहून झालं की ह्यांच्या शाळेच्या पिशवीत टाकायचं आणि हे जाताजाता चौकातल्या पेटीत टाकायचे. भूगोलाचा मास्तर एकेक करून अख्खं तापीखोरं स्वतःच्या हातानं पेटीत लोटत होता, पण एकदासुद्धा कार्ड उलटून बघितलं नाही!

आणि लिहायचे काय? आता नवी सून माहेरी काय लिहिणार! जे बोलता येत नाही तेच. कार्ड उघडं असतं, वाटेत चार जण वाचतात, हे मला ठाऊक होतं. पण लिहायला बसलं की माणसाला वाटतं, आपण थेट आईच्या कानात बोलतोय.

मार्गशीर्षात एका शुक्रवारी दुपारी वाचनालयाचे चिटणीस घरी आले. वाचनालयाच्या वर्धापनदिनाला जुन्या खानदेशच्या चित्रांचं प्रदर्शन भरवायचं होतं, तो रविवार सोडून पुढच्या रविवारी. त्यांनी कुणाकडून तरी ऐकलं होतं की तापीखोऱ्याच्या जुन्या चित्रकार्डांचा बारांचा पुरा संच अख्ख्या जिल्ह्यात फक्त आबांकडे आहे.

आबा बोलले. एकदम, सलग बोलले! "आहे. देतो की. फार पूर्वी भुसावळच्या एका फोटोग्राफरनं छापला होता. मला जमवायला चाळीस वर्षं लागली. एक जत्रेत मिळालं, एक रद्दीत, एक तर एका इंजिनड्रायव्हरच्या घरी भिंतीवर होतं, त्याला आठ वर्षं विनवलं." हे ऐकून अक्का हातातला तवा तसाच धरून दारात येऊन उभ्या राहिल्या. एवढी वाक्यं त्यांनी लग्नातल्या सप्तपदीलाही ऐकली नव्हती.

मी पाहुण्यांसाठी चहा गाळत होते. 'चित्रकार्डं' हा शब्द कानावर पडला आणि गाळणं कपाच्या बाहेर गेलं.

आबांनी कपाट उघडलं, पुढचा लाल डबा काढला, मांडीवर घेतला, झाकण काढलं. आत तीन कार्डं. त्यांनी ती मोजली. पुन्हा मोजली. डबा उलटा करून बघितला. मग म्हणाले, "नऊ."

चिटणीसांना वाटलं नऊ कार्डं आहेत. ते आनंदानं म्हणाले, "नऊ तर नऊ! पुष्कळ झाली!" आणि त्या रविवारी सकाळी न्यायला येतो म्हणून निघूनही गेले.

मग घराची झडती सुरू झाली. अक्का म्हणाल्या, "उंदरे लई गयात व्हतीन!" मग म्हणाल्या, "रद्दीवालाले मी कव्हयबी काही देयेल नही!" मग कपाट ओढलं, गाद्या उलटल्या, धान्याच्या कोठीत हात घातले. आणि सगळ्यांत उत्साहानं कोण शोधत होतं? मी! चोर जसा चोराला धरायला पुढं धावतो तशी मी पलंगाखाली सरपटत गेले. तिथूनच मी निरागसपणे विचारलं, "आबा, ती कार्डं दिसायला कशी होती हो?"

"एकावर चांगदेव होता," आबा म्हणाले. मग थांबून म्हणाले, "त्या घाटावर मी पहिल्यांदा पट्टी वाचली होती. आता तो घाट तसा दिसत नाही. धरणाचं पाणी वर आलं."

चांगदेव! तो तर मी दहा दिवसांपूर्वीच आईला धाडला होता. आणि त्याच्या मागे मी जे काही लिहिलं होतं ते आठवून मी तिथंच, धुळीत, डोळे मिटून पडून राहिले. अक्कांना वाटलं मला विंचू चावला.

संध्याकाळी मी ह्यांना गच्चीवर नेलं आणि सगळं सांगितलं. हे आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं.

"म्हणजे पेटीत कोणी टाकली?"

"तुम्ही."

"मी?"

"नऊच्या नऊ."

हे मटकन गच्चीच्या कठड्यावर बसले. मग म्हणाले, "सांगून टाकूया?"

"आधी परत आणूया. हातात कार्डं असली की सांगायला जोर येतो."

शनिवारी सकाळीच, भरिताची वांगी आली आहेत आणि आईनं जावयाला बोलावलंय असं सांगून आम्ही निघालो. (भरितासाठी खानदेशात कुणी कुठंही गेलं तरी कारण विचारत नाहीत.) ह्यांची शाळा बुडाली ती वेगळीच.

पहिला मुक्काम धरणगाव. मावशीला लिहितावाचता येत नव्हतं, त्यामुळे इथलं काम सोपं असं मी धरून चालले होते. पण आम्ही गल्लीत शिरलो आणि ओट्यावरच्या एका आजीबाईंनी ह्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं आणि शेजारणीला विचारलं, "हाऊच का तो घोरणारा जवाई?"

हे थांबले. "काय म्हणाल्या त्या?"

"काही नाही, चला," मी म्हटलं.

झालं होतं असं, की मावशीची पत्रं पोस्टमन वाचून दाखवायचा. आणि पोस्टमनचा आवाज खणखणीत, तो वाचायचा चौकातल्या लिंबाखाली, म्हणजे बाकीच्यांचीही सोय!

मावशीनं दोन कार्डं गादीखाली जपून ठेवली होती, ती लगेच दिली. तिसरं म्हणजे भुसावळचा रेल्वेपूल. तो मात्र देव्हाऱ्यात होता! बाळकृष्णाशेजारी उभा, पुलाच्या प्रत्येक खांबाला हळदीकुंकू, वर झेंडूचं फूल.

"मावशी, अगं हा रेल्वेचा पूल आहे!"

"खाल तापीमाय शे ना?" मावशी म्हणाली. "पूल काय हवामा उभा शे?"

मी कार्ड मागितल्यावर तर ती चिडलीच. "देव्हारामातला देव कोनी परत मांगस का, पोरी?" शेवटी ह्यांनी, म्हणजे भूगोलाच्या शिक्षकानं, आंघोळ करून, सोवळं नेसून, रेल्वेपुलाची उत्तरपूजा केली! अक्षता टाकल्या, 'पुनरागमनाय च' म्हटलं आणि पूल पिशवीत टाकला. मावशीनं निरोपाला पुलाच्या नावानं दहीभातसुद्धा दिला.

बसमध्ये बसल्यावर ह्यांनी विचारलं, "मी घोरतो?"

मी खिडकीबाहेर कपाशी बघत बसले.

सावद्याला पोचेपर्यंत सूर्य कलला होता. प्रमिलाच्या घरी केळीचा व्यापार, अंगणात घडांची रास. ती मला बघून धावत आली, मिठी मारली आणि पहिलाच प्रश्न, "काय गं, आता तरी बोलायला लागले का सासरे?"

तीनही कार्डं तिनं काढून दिली. दोन बरी होती. तिसरं लळिंगच्या धबधब्याचं. प्रमिलाच्या लेकीला नुकते दात येत होते आणि तिला त्या दिवसांत धबधब्याचीच गोडी लागली होती. धबधबा जिथून खाली कोसळतो तो वरचा कोपरा आता नव्हताच. पाणी कुठून येतंय ते कळायला मार्ग नव्हता.

रात्रभर राहून सकाळी निघालो, तेव्हा प्रमिलाचे यजमान दारात आले, वाकले आणि त्यांनी ह्यांच्या चपला दोन्ही हातांनी उचलून ह्यांच्या पुढ्यात मांडल्या. हे ओशाळले. "अहो, हे काय करताय!"

"असू द्या हो," ते गृहस्थ गंभीरपणे म्हणाले, "तुम्हाला सापडत नाहीत असं कळलंय."

जामनेरच्या बसमध्ये हे माझ्याशी एक अक्षर बोलले नाहीत. मी म्हटलं, चला, आबांचा मुलगा शोभतो!

माझ्या वडिलांची, नानांची, पिठाची गिरणी. आम्ही आधी गिरणीतच गेलो. दळणाचे डबे घेऊन दहाबारा बायका बसलेल्या. ह्यांना बघताच कुजबुज उठली आणि एक जण आत घराकडे बघून ओरडली, "वहिनी, जावईबापू आले! चहात साखर दुप्पट घाला हो, घरी मिळत नाही त्यांना!"

मी भिंतीकडे बघितलं. जात्याच्या वरच्या भिंतीवर, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर, माझं कार्ड खिळ्यानं ठोकलेलं. चित्र भिंतीकडे, लिहिलेली बाजू लोकांकडे!

"नाना! अहो, उलटं लावलंय!"

"उलटं नाही, सुलटंच आहे," नाना पिठानं पांढऱ्या झालेल्या भुवया उंचावून म्हणाले. "तापी काय, आपण रोज पाहिलेली. तुझं अक्षर बघ किती सुंदर आहे! येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवतो. म्हणतो, वाचा, पोरगी कशी लिहिते!"

आणि पोरगीनं लिहिलं होतं, 'आई, इथं चहात साखर घालत नाहीत, नुसती दाखवतात.' सहा महिने सगळी पंचक्रोशी दळण होईपर्यंत हे वाचत बसली होती!

आतून चहा आला. चमचा त्यात उभा राहत होता. ह्यांनी तो शेवटच्या थेंबापर्यंत संपवला.

आईनं उरलेलं कार्ड काढून दिलं. एकच. तळताना वाचल्यामुळं त्यावर तेलाचा डाग होता, बाकी ठीक होतं.

"आणि चांगदेवचं?" मी विचारलं.

"चांगदेवचं कोणतं? मला दोनच आली."

त्या कार्डावर तक्रारी इतक्या वाढत गेल्या होत्या की पत्त्यासाठी जागाच उरली नव्हती. मी कडेला, आडव्या मजकुरावर उभं करून, मुंगीएवढ्या अक्षरांत 'आई, जामनेर' असं काहीसं लिहिलं होतं. मात्र पाठवणाऱ्याचा पत्ता वरच्या कोपऱ्यात ठळक, वळणदार! (मी शिस्तीची ना!)

"पत्ता वाचता आला नाही तर पोस्टवाले काय करतात?" मी ह्यांना विचारलं.

सकाळपासून हे माझ्याशी पहिल्यांदाच बोलले. "पाठवणाऱ्याकडे परत."

दोघांनी एकमेकांकडं बघितलं. भरीत पानात तसंच राहिलं. आईनं ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या पुऱ्या फडक्यात बांधल्या आणि आम्ही निघालो. पण रविवार, गाड्या कमी. जळगावला पोचेपर्यंत धुळ्याची शेवटची गाडी गेली होती. नात्यातल्या एका घरी पथारी टाकली. सोमवारी सकाळच्या गाडीनं निघालो ती एरंडोलच्या पुढं पंक्चर झाली. चाक बदलायला उतरलेल्या ड्रायव्हरला ह्यांनी स्वतः पाना धरून मदत केली. शर्टाला, तोंडाला काळं ग्रीस, केसांत धूळ! मी रस्त्याच्या कडेला उभी राहून तापीमाईला नवस बोलत होते की आमचा पोस्टमन आज आजारी पडू दे. (नंतर वाईट वाटून मी तो नवस बदलला. नुसती त्याची सायकल पंक्चर होऊ दे, असा केला.)

आमच्या गल्लीच्या तोंडाशी आम्ही रिक्षातून उतरलो, तेव्हा पोस्टमन सायकलवरून बाहेर पडत होता. मला बघून हसला. चांगलं, तोंडभरून हसला. म्हणाला, "दिलं बरं का आबांच्या हातात!"

आबा ओट्यावर खुर्ची टाकून बसले होते. चष्मा नाकावर, हातात चांगदेव. वाचायची बाजू वर.

"आबा," मी धापा टाकत म्हटलं, "ते... त्याचा पत्ता चुकलाय..."

"नाही," आबा कार्डावरून नजर न काढता म्हणाले. "पाठवणारीचा पत्ता बरोबर आहे."

मग लपवण्यासारखं काही उरलंच नाही. मी पिशवी उघडली आणि उरलेली आठ कार्डं ओट्यावर मांडली. कुंकू लागलेला पूल, दातांनी कुरतडलेला धबधबा, पिठाचं, तेलाचं, खिळ्याच्या भोकाचं. मी म्हटलं, "आबा, मला दोन डबे आहेत हे माहीत नव्हतं. चुकलं माझं." आणि मला रडूच आलं. रडता रडता हेही दिसत होतं की ह्यांचं तोंड ग्रीसनं काळं झालंय आणि आम्ही दोघं दरोडा घालून आल्यासारखे दिसतोय.

आवाज ऐकून अक्का बाहेर आल्या. "काय व्हयनं? काय लिखेल शे त्यामा? जोरमा वाच ना, माले बी ऐकू दे!"

हे धावून पुढं झाले. मला वाचवायचं म्हणून त्यांनी एक कार्ड उचललं आणि आपल्या मनानं वाचायला सुरुवात केली. "'ती. आईस सा. न. सासूबाई म्हणजे साक्षात माउली. मला फुलासारखं जपतात. त्यांच्या हातची भाजी म्हणजे अमृत...'"

अक्कांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "हाई काय खरं नही. इतलं गोड कोनी सून लिखस का?"

आबांनी ह्यांच्या हातातून कार्ड काढून घेतलं, चष्मा सारखा केला आणि खणखणीत आवाजात खरं वाचलं. "'अक्कांची शेवभाजी एवढी जहाल असते, की पहिल्या घासाला मी रडते, दुसऱ्याला मला माझे पूर्वज दिसतात.'"

मी भिंतीला टेकले.

अक्कांचा चेहरा फुलला! "मंग! खानदेशनी शेवभाजी शे ती! डोयाले पानी नही उनं ते काय उपेग?" आणि माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाल्या, "पोरगी गुणनी शे!"

आबा एकामागून एक वाचत गेले. घोरणं, चपला, साखर. हे दर कार्डाला एकेक इंच खचत होते. शेवटी चांगदेव उरला. तो आबांनी मोठ्यानं वाचला नाही. माझ्याच हातात दिला. "हे तू वाच."

मी वाचलं. "'आई, आबा दिवसातून चार वाक्यं बोलतात, त्यातली तीन दारातल्या कुत्र्याशी. मी त्यांना आवडले नाही असं वाटतं. पण परवा मी मोरीत पाय घसरून पडले. कुणाला काही बोलले नाही. दुसऱ्या दिवशी बघते तर मोरीच्या दाराशी नवीन काथ्याचं पायपुसणं, आणि ते आबांनी आणलं असं अक्का म्हणाल्या. माणूस वाईट नाही गं. फक्त चालू करायचं बटण सापडत नाहीये...'"

पुढं पत्ता होता. निदान असायला हवा होता.

आबांनी चष्मा काढला. खांदे हलायला लागले. मला वाटलं, झालं, म्हाताऱ्याला रडवलं! पण ते हसत होते. आवाज नव्हता, नुसते खांदे, मग पोट, मग अख्खी खुर्ची! अक्का घाबरून पाणी आणायला धावल्या. त्यांना तीस वर्षांच्या संसारात हे लक्षण माहीत नव्हतं.

"आबा, तुमची कार्डं खराब केली मी," मी म्हटलं.

ते डोळे पुसत म्हणाले, "पोस्टकार्डं होती ती. पाठवायसाठीच छापलेली. चाळीस वर्षं डब्यात ठेवली मी. लिहायचं कुणाला आणि काय, हेच कधी सुचलं नाही." मग धबधब्याचा कोपरा कुणी खाल्ला ते माझ्याकडून काढून घेतलं आणि तो बोटानं चाचपत विचारलं, "हिला दात किती आले?"

ठरल्या रविवारी प्रदर्शन झालं. मला वाटलं होतं चित्रं पुढं, मजकूर मागं. पण आबांनी चिटणीसांना सांगून दोरी बांधली आणि बारा कार्डं चिमट्यांनी अशी लटकवली की दोन्ही बाजूंनी बघता यावीत. पुढून बघणारे पाच, मागून वाचणाऱ्यांची रांग दारापर्यंत! बायका वाचायच्या, एकमेकींना कोपरानं ढोसायच्या आणि म्हणायच्या, "आमच्याकडंही असंच आहे बाई!" मी खांबाआड उभी होते. आबा मात्र दोरीपाशी उभे राहून येईल त्याला सांगत होते, "हा चांगदेव. पाणी तेव्हा एवढं होतं. आणि मागं वाचा, माझ्याबद्दल आहे." त्या एका दिवसात ते जेवढं बोलले तेवढं त्यांनी नोकरीत वर कळवलं नसेल.

त्यानंतर आबांनी एक बेत काढला. या बारा जागा आता कशा दिसतात, याचेही फोटो हवेत. आणि लिहायची हौस असलेली सून फोटोही काढेल असं त्यांनीच ठरवून टाकलं! उन्हाळ्याच्या सुटीत ह्यांनी शाळेतल्या एका मित्राचा छोटा कॅमेरा मागून आणला आणि मी, आबा, अक्का आणि हे एसटीनं सगळं तापीखोरं पालथं घातलं. आबा प्रत्येक ठिकाणी मला हाताला धरून उभी करायचे. "इथं. तो फोटोग्राफर इथं उभा असणार." उनपदेवला अक्कांनी त्या गरम पाण्यात पाय सोडले आणि तासभर उठायला तयार होईनात. चांगदेवला संगमावर आबा कितीतरी वेळ पाण्याकडे बघत बसले आणि मग मला म्हणाले, "सुनंदा, तुझ्या आईला पण एकदा घेऊन येऊ इकडं." मी फोटो काढत होते. खूप मन लावून, श्वास रोखून काढत होते.

रोल धुऊन आला. स्टुडिओवाल्यानं फोटो पसरले आणि अदबीनं विचारलं, "वहिनी, तापीकाठी ही गुलाबी टेकडी कुठं आली?"

प्रत्येक फोटोत, डाव्या कोपऱ्यात, एक गुलाबी टेकडी होती. चांगदेवपाशी होती, रेल्वेपुलापाशी होती, लळिंगला तर तिनं धबधब्याचा उन्हाळ्यात कोरडा पडलेला अर्धा कडा अडवला होता. माझा अंगठा!

आबांनी ते फोटो टाकू दिले नाहीत. रात्री बसून त्यांनी आपल्या टपोऱ्या अक्षरात एकेकामागे स्थळाचं नाव लिहिलं, 'चांगदेव, तापी-पूर्णा संगम. डावीकडे आमची सूनबाई.' पाहुणे आले की आजही ते फोटो निघतात. आबा सगळे दाखवून होईस्तोवर गप्प असतात आणि शेवटी मोठ्या अभिमानानं सांगतात, "पत्रं लिहावीत तर आमच्या सुनेनं. फोटोत मात्र अंगठेबहाद्दर आहे."